ऑक्सिजन कमी, म्हणून वय कमी? झ्विकी १८ या दीर्घिकेचे प्रकरण

सप्तर्षी तारकासमूहाच्या दिशेला एक निळसर, विस्कळीत, लहानखुरी दीर्घिका आहे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९६०च्या दशकात आकाराने लहान पण तेजस्वी अशा दीर्घिकांच्या याद्या तयार केल्या. त्यांच्या पहिल्या यादीतली ही अठरावी नोंद. खगोलशास्त्रज्ञ तिला ‘वन झ्विकी एटीन’ म्हणतात. इथे सोयीसाठी नुसते झ्विकी १८ म्हणू. झ्विकींना त्या जागी शेजारी-शेजारी दोन चमकते ठिपके दिसले होते आणि त्या दोन वेगळ्या दीर्घिका असाव्यात असा त्यांचा समज झाला. खरे तर एकाच दीर्घिकेतले ते दोन भाग आहेत, आणि दोन्हींत तारे जोरात जन्माला येत आहेत.

या दीर्घिकेतल्या ऑक्सिजनच्या एका आकड्यावरून तिचे वय किती यावर तीस-पस्तीस वर्षे वाद झाला. दीर्घिकांमध्ये मूलद्रव्ये कशी तयार होतात हे शिकायचे असेल तर मला याहून चांगले प्रकरण सापडलेले नाही, कारण यात मोजमाप अचूक होते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला.

१९७२ साली लिओनार्ड सर्ल आणि वॉलेस सार्जंट यांनी दोन निळ्या बटू दीर्घिकांच्या वर्णपटांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातली एक झ्विकी १८. तिच्या वायूत ऑक्सिजन अतिशय कमी निघाला. आजचा आकडा असा आहे: हायड्रोजनच्या दर १ लाख अणूंमागे ऑक्सिजनचे सुमारे दीड अणू. सूर्यात हेच प्रमाण ४९च्या आसपास आहे. म्हणजे सूर्याच्या जेमतेम ३ टक्के. हेलियम मात्र कमी नव्हता. इतर दीर्घिकांत असतो तेवढाच होता, दर १०० हायड्रोजन अणूंमागे सुमारे ८. या दोन निरीक्षणांचा अर्थ मोठा होता. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात बनतो, तेव्हा तारे कमी झाले असतील तर तो कमी असणार. हेलियमचा बहुतांश साठा मात्र ताऱ्यांच्या आधीचा, विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतला आहे, म्हणून तो इथेही पुरेपूर आहे.

सर्ल आणि सार्जंट यांनी त्याच वेळी दोन शक्यता मांडल्या होत्या. एक तर ही दीर्घिका अगदी तरुण आहे, तिने आत्ता कुठे तारे घडवायला सुरुवात केली आहे. किंवा ती जुनीच आहे, पण तिच्यात तारे सलग बनत नाहीत. मध्येच एखादा भर येतो आणि पुढे दीर्घकाळ शांतता असते. पुढचा सगळा वाद या दोन वाक्यांतला आहे. पहिली शक्यता साहजिकच जास्त मोहक होती. आपल्या शेजारी, डोळ्यांसमोर जन्मणारी दीर्घिका कोणाला नको असेल?

वादाकडे जाण्यापूर्वी आकड्याकडे नीट पाहू, कारण अशा दीर्घिकांतला ऑक्सिजन मोजण्याची रीत फार सुंदर आहे. नव्याने जन्मलेले तप्त तारे भोवतालच्या वायूवर अतिनील किरणांचा मारा करतात. अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वायू प्रकाशू लागतो. हा झाला तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात ५००.७ नॅनोमीटरला एक ठळक हिरवी रेषा असते. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एका बिंबाभ्रिकेच्या, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेल्या वायूच्या कवचाच्या, प्रकाशात हिरव्या रेषा पाहिल्या, तेव्हा त्या पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात. ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच असावे, असे पुढे साठ वर्षे मानले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले की तो साधा ऑक्सिजनच आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतका विरळ की ही रेषा प्रयोगशाळेत दिसणे जवळपास अशक्य.

याच ऑक्सिजनची आणखी एक फिकट रेषा ४३६.३ नॅनोमीटरला असते. ती उमटायला जास्त जोराची टक्कर लागते, म्हणजे वायू जास्त तापलेला हवा. या दोन रेषांच्या तेजाचे गुणोत्तर म्हणजे तेजोमेघाचा तापमापकच. झ्विकी १८ मध्ये तो १९-२० हजार केल्विनच्या आसपास दाखवतो. मृगातल्या ओरायन तेजोमेघात हेच तापमान त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

इतके जास्त का? कारण वायू थंड करण्याचे काम मुख्यतः ऑक्सिजनच करतो. टकरीतून घेतलेली ऊर्जा तो त्या हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. ऑक्सिजन कमी असला की उष्णता अडकून राहते. इथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते: तापमान न मोजता साधारण १० हजार केल्विन धरले, तर त्याच रेषेवरून ऑक्सिजन प्रत्यक्षाच्या कित्येक पट निघेल. म्हणून ती फिकट रेषा मिळवण्यासाठी निरीक्षक रात्र रात्र दुर्बीण एकाच जागी रोखून ठेवतात. झ्विकी १८ मधला ऑक्सिजनचा आकडा याच थेट पद्धतीने आलेला आहे आणि तो वेगवेगळ्या दुर्बिणींवर, वेगवेगळ्या गटांनी तपासला आहे. त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

हेलियमच्या मोजमापात मात्र एक गंमतशीर अडचण आली, तीही सांगितली पाहिजे. ही दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सुमारे ७५० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. त्यामुळे हेलियमची ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा थोडी सरकते आणि बरोबर ५८९ नॅनोमीटरवर, सोडियमच्या रेषेवर, येऊन पडते. आणि आपल्या आकाशगंगेत, म्हणजे आपण आणि ती यांच्या मध्ये, सोडियम आहे. तो हेलियमचा प्रकाश वाटेतच शोषतो. वेग थोडा कमी किंवा जास्त असता तर हे घडलेच नसते. दोन ठिपक्यांपैकी तेजस्वी ठिपक्यातल्या याच रेषेमुळे हेलियमचे प्रमाण काही काळ खरे होते त्यापेक्षा कमी भासत होते. विश्वाच्या आरंभीचा हेलियम किती, हे ठरवणाऱ्यांना या दीर्घिकेच्या आकड्याची फार गरज असते, म्हणून ही चूक लक्षात येणे महत्त्वाचे ठरले.

आता वयाकडे येऊ. ऑक्सिजन एकटा वय सांगू शकत नाही, पण इतर मूलद्रव्यांशी त्याची सांगड घातली तर सांगू शकेल, अशी कल्पना होती. ती समजण्यासाठी कोणते मूलद्रव्य कोणत्या ताऱ्यात आणि किती उशिरा तयार होते हे पाहावे लागते. सूर्याच्या आठपट किंवा अधिक वस्तुमानाचे तारे ३० लाख ते ४ कोटी वर्षांत संपतात आणि स्फोटातून ऑक्सिजन, निऑन, मॅग्नेशियम, गंधक, अरगॉन बाहेर टाकतात. विश्वाच्या हिशेबात हा काळ म्हणजे लगेचच. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटू ताऱ्यांच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या दाट गाभ्यांच्या, स्फोटातून येतो. एका अशा स्फोटात अर्ध्या सूर्याहून अधिक लोह तयार होते, पण त्यासाठी बहुधा कोट्यवधी ते अब्जावधी वर्षे थांबावे लागते. नायट्रोजन या दोहोंच्या मधला. त्याचा बराच भाग सूर्याच्या ४ ते ८ पट वस्तुमानाच्या ताऱ्यांत, त्यांच्या उतारवयात तयार होतो आणि सावकाश वाऱ्यासारखा बाहेर पडतो. म्हणजे ऑक्सिजन आधी, नायट्रोजन नंतर, लोह त्याहून नंतर.

झ्विकी १८ आणि तिच्यासारख्या ऑक्सिजन-गरीब दीर्घिकांत नायट्रोजनचा एक अणू ऑक्सिजनच्या सुमारे ४० अणूंमागे सापडतो. सूर्यात तो सातांमागे एक असतो. युरी इझोटोव्ह आणि त्रिन्ह झुआन थुआन यांच्या १९९९च्या निबंधात सगळ्यात लक्षवेधी गोष्ट होती ती या गुणोत्तराची स्थिरता. ऑक्सिजनच्या एका मर्यादेखालच्या सगळ्या दीर्घिकांत ते जवळपास तेच निघत होते, विखुरलेपणा फारच थोडा. त्यांचा तर्क असा: मध्यम वस्तुमानाच्या ताऱ्यांनी नायट्रोजन टाकायला सुरुवात केली असती, तर कुठे थोडा, कुठे जास्त असा फरक दिसला असता. तो दिसत नाही, म्हणजे ते तारे अजून त्या वयाला पोचलेलेच नाहीत. नायट्रोजनही फक्त जड ताऱ्यांतून आला आहे. मग या दीर्घिका ४ कोटी वर्षांहून लहान, आणि तारे घडवण्याची त्यांची ही पहिलीच खेप.

हा तर्क मला आजही देखणा वाटतो. त्यातली मोजमापे टिकली. जड तारे स्वतःच थोडा नायट्रोजन बनवतात हा भागही पुढे भक्कम झाला. मेनेट आणि मेडर यांनी २००२ मध्ये दाखवले की वेगाने फिरणाऱ्या, धातूंनी (खगोलशास्त्रात हेलियमहून जड सगळी मूलद्रव्ये) गरीब ताऱ्यात आतले थर ढवळले जातात आणि नायट्रोजन तयार होतो. पण ‘नायट्रोजन जड ताऱ्यांतून येऊ शकतो’ इथपासून ‘म्हणून जुने तारे नाहीतच’ इथपर्यंत मध्ये एक पायरी गाळलेली होती. जुने तारे असूनही त्यांचा नायट्रोजन आपण पाहत असलेल्या वायूत नसेल, ही शक्यता तपासलीच गेली नव्हती.

ती तपासायची तर तारे एकेक करून पाहायला हवेत. एक अब्ज वर्षांहून जुन्या, सूर्याइतक्या किंवा थोड्या जास्त वस्तुमानाच्या ताऱ्यांची एक खूण असते. ते फुगून तांबडे राक्षसी तारे होतात, आणि त्या अवस्थेत त्यांचे तेज एका ठरावीक मर्यादेपर्यंतच वाढते. ताऱ्यांचा रंग आणि तेज यांच्या आलेखावर ही मर्यादा कड्यासारखी स्पष्ट दिसते. कडा दिसला तर जुने तारे आहेत. हबल दुर्बिणीने आधी घेतलेल्या प्रतिमांत काही वयस्क तारे दिसले होते, तेवढ्यावरून ४ कोटींचा आकडा मागे पडला. पण राक्षसी ताऱ्यांचा कडा सापडत नव्हता. २००४ मध्ये इझोटोव्ह आणि थुआन यांनी हबलच्या नव्या कॅमेऱ्याच्या प्रतिमा वापरून तो नसल्याचे सांगितले आणि वय ५० कोटी वर्षांहून कमी ठेवले. ‘विश्वातली सर्वांत तरुण दीर्घिका’ म्हणून बातम्या झाल्या.

गडबड होती ती अंतरात. कडा किती मंद दिसला पाहिजे हे दीर्घिका किती दूर आहे यावर अवलंबून असते, आणि तेव्हा अंतर साडेचार ते पाच कोटी प्रकाशवर्षांच्या घरात धरले जात होते. २००५ मध्ये त्याच प्रतिमांच्या फेरतपासणीत दुसऱ्या एका गटाला कड्याचा संशय आला. शेवटी अलेस्सांद्रा अलोईसी आणि सहकाऱ्यांनी हबलकडून आणखी वेळ मिळवला, वेगवेगळ्या रात्रींच्या प्रतिमा जुळवून तेज ठरावीक काळाने बदलणारे सेफीड तारे शोधले (त्या काळावरून त्यांचे खरे तेज कळते) आणि २००७ मध्ये त्यांवरून अंतर काढले: सुमारे ५ कोटी ९० लाख प्रकाशवर्षे. एवढ्या अंतरावर तेच तारे आधी धरल्यापेक्षा जवळपास दीडपट मंद दिसणार. नव्या, अधिक खोल प्रतिमांत कडा सापडला, आणि तोही सेफीडांनी सांगितलेल्या अंतराला जिथे असायला हवा तिथेच. दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी आल्या. झ्विकी १८ मध्ये अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचे तारे आहेत. अलीकडे जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमांतही तिथले धूळ टाकणारे उतारवयाचे तारे टिपले गेले आहेत.

वयाचा वाद बराचसा मिटला, पण मूळ प्रश्न त्याने उलट जास्त कठीण केला. दीर्घिका जुनी आहे, तिच्यात तारे बनून गेले आहेत, मग ऑक्सिजन गेला कुठे?

इथे मी ढोबळ हिशेब मांडतो. आकडे मुद्दाम पूर्णांकात घेतले आहेत. दीर्घिकेभोवती दहा ते वीस कोटी सूर्यांइतका हायड्रोजन आहे. दहा कोटी धरले आणि त्यात सगळीकडे लाखामागे दीड अणू हेच प्रमाण मानले, तर ऑक्सिजन वस्तुमानाने सुमारे २४ हजार सूर्यांइतका भरतो. आता उत्पादन पाहू. १०० सूर्यांइतके तारे तयार झाले की त्यातला साधारण एक तारा स्फोट होण्याइतका जड असतो, आणि एकूण सुमारे एका सूर्याइतका ऑक्सिजन बाहेर पडतो. म्हणजे २४ हजारांसाठी २४ लाख सूर्यांइतके तारे पुरेसे होते. प्रत्यक्षात आजवर घडलेल्या ताऱ्यांचे वस्तुमान कोटीच्या घरात किंवा त्याहून जास्त आहे. तेवढ्यांनी निदान एक लाख सूर्यांइतका ऑक्सिजन बनवला असणार. जमेला लाख, शिल्लक चोवीस हजार. हायड्रोजन दुप्पट धरला तरी निम्मा हिशेब लागत नाही. पाणी कुठेतरी मुरते आहे.

एक उत्तर मिसळण्याच्या वेळेत आहे. स्फोटातून निघालेला ऑक्सिजन लाखो अंश तापलेल्या वायूत असतो. तो थंड होऊन तेजोमेघात मिसळायला बराच काळ जातो, आणि तोवर हिरव्या रेषेत तो दिसतच नाही. १९८६ मध्ये कुन्थ आणि सार्जंट यांनी उलटे सुचवले होते: तेजोमेघ आपल्याच ताऱ्यांच्या स्फोटांनी लगेच दूषित होतो, म्हणून आपण मोजतो तो ऑक्सिजन तिथल्या तिथला, आजचा, भोवतालचा थंड वायू कदाचित अगदी कोरा असेल. हे तपासायला थंड वायूतला ऑक्सिजन मोजायला हवा होता. तो फ्यूज या अतिनील किरणांच्या उपग्रहाच्या नोंदींवरून मोजला गेला. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत. एकाला तो तेजोमेघाइतकाच वाटला, दुसऱ्याला बराच कमी. पण कोरा कोणालाच सापडला नाही. शिवाय दोन तेजस्वी ठिपक्यांत हजाराहून जास्त प्रकाशवर्षांचे अंतर असूनही ऑक्सिजन जवळजवळ सारखाच आहे. आजच्या स्फोटांनीच तो आला असता तर इतका एकसारखा पसरला नसता. मला यावरून आधीच्या पिढीने केलेली सावकाश पेरणीच जास्त पटते.

दुसरे उत्तर आहे गळती. इतक्या लहान दीर्घिकेचे गुरुत्व दुबळे असते. क्रिस्टल मार्टिन यांनी १९९६ मध्ये झ्विकी १८ मध्ये तप्त वायूने फुगवलेले प्रचंड बुडबुडे त्यांच्या हालचालीवरून ओळखले. असा बुडबुडा फुटला की आतला ताजा ऑक्सिजन बाहेर निसटतो, आणि भोवतालचा थंड हायड्रोजन मात्र जिथल्या तिथे राहतो. १९९९ मध्ये मॅक लो आणि फेरारा यांच्या संगणकीय प्रयोगांतही हेच दिसले: बटू दीर्घिका वायू फारसा गमावत नाहीत, पण जड मूलद्रव्ये सहज गमावतात. एकूण वायूची गळती मोजणारा माणूस म्हणेल काही घडलेच नाही. ऑक्सिजन मोजणाऱ्याला घर लुटले गेलेले दिसेल. सिंह राशीच्या दिशेला २०१३ मध्ये सापडलेल्या लिओ पी या आणखी छोट्या दीर्घिकेत हा जमाखर्च ताऱ्यांच्या मोजणीसकट मांडता आला, कारण ती खूपच जवळ आहे. तिने आजवर बनवलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ९५ टक्के तिच्याकडे उरलेला नाही.

तिसरे म्हणजे बाहेरून येणारा वायू. झ्विकी १८ च्या हायड्रोजनची लांबलचक शेपटी रेडिओ दुर्बिणींना दिसते, आणि जवळच एक छोटा सोबती तुकडाही आहे. ओढाताणीत बाहेरचा, जवळजवळ कोरा हायड्रोजन आत पडला तर दोन गोष्टी एकदम होतात: नवे तारे घडण्याचा भर येतो, आणि असलेला ऑक्सिजन पातळ होतो. त्यामुळे दीर्घिका सर्वांत उजळ दिसते नेमक्या त्याच वेळी ती सर्वांत गरीबही दिसते. आपल्या पाहण्यात अशाच दीर्घिका आधी येतात, कारण त्या उजळ असतात. नायट्रोजनच्या गुणोत्तरावरून वय काढताना हा दोष हिशेबात धरलेला नव्हता असे मला वाटते.

पातळ होण्यात एक बारकावा आहे. कोऱ्या हायड्रोजनने ऑक्सिजनचे हायड्रोजनशी प्रमाण घटते, पण नायट्रोजनचे ऑक्सिजनशी गुणोत्तर तसेच राहते, कारण दोन्ही एकत्रच पातळ होतात. गळतीचे तसे नाही. स्फोटांबरोबर ऑक्सिजन निसटतो आणि नंतर सावकाश आलेला नायट्रोजन मागे राहतो, म्हणजे गुणोत्तर वाढायला हवे. झ्विकी १८ मध्ये ते वाढलेले नाही. निव्वळ गळतीवर सगळा भार टाकणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागते, आणि ते मला अजून पूर्ण पटेल असे मिळालेले नाही. जुन्या ताऱ्यांचा नायट्रोजन पसरट, विरळ भागात राहिला आणि आजचे तेजोमेघ मध्यभागी आहेत, हा एक मार्ग आहे.

हेच गुणोत्तर आता दुसऱ्या टोकाला जाऊन सतावते आहे. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये जीएन-झेड११ या दीर्घिकेचा वर्णपट दिला. विश्व जेमतेम ४३ कोटी वर्षांचे असतानाची ही दीर्घिका. तिच्यात नायट्रोजन ऑक्सिजनच्या निम्म्याहून अधिक निघाला, म्हणजे सूर्यातल्या गुणोत्तराच्या चौपटीपेक्षा जास्त. झ्विकी १८ मध्ये जुने तारे असून नायट्रोजन थोडा. इथे जुने तारे असायला वेळच नव्हता आणि नायट्रोजन भरपूर. दाट तारकागुच्छांतले अवाढव्य तारे, बाहेरचे थर वाऱ्यांनी झडलेले तप्त वुल्फ-रायेट तारे यांची नावे संशयितांत आहेत. २०२५ मध्ये चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणींनी त्याहून आधीच्या, विश्व ३० कोटी वर्षांचेही नसतानाच्या जेएडीईएस-जीएस-झेड१४-० मध्ये ऑक्सिजन पकडला, तोही अपेक्षेपेक्षा बराच जास्त.

झ्विकी १८ चा पहिला क्रमांक केव्हाच गेला आहे. तिच्याहून ऑक्सिजन-गरीब दीर्घिका आता माहीत आहेत. तरी तिची फाइल उघडीच आहे. तिच्या वर्णपटात ४६८.६ नॅनोमीटरला आयनीभूत हेलियमची एक अरुंद रेषा आहे. ती उमटायला लागणारे जोमदार किरण तिथले नेहमीचे जड तारे पुरेसे देऊ शकत नाहीत. जवळजवळ धातूच नसलेले, फार तप्त तारे आहेत का, की क्ष-किरण फेकणारी एखादी जोडगोळी, यावर अजून निरीक्षणे सुरू आहेत.